सरल (संगणक प्रणाली)

सरल ही शाळा, शिक्षक व विद्यार्थी यांची माहिती ठेवणारी महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाची संगणकीय प्रणाली आहे. 'सिस्टिमॅटिक ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिफॉर्म्स फॉर अचिव्हिंग लर्निंग बाय स्टुडंट्स' या नावाच्या आद्याक्षरांवरून 'सरल' हे नाव पडले. २०१५ साली ती राज्यभर लागू झाली.

पार्श्वभूमी

शाळेला मिळणारी शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. पूर्वी ही संख्या शाळांनी भरलेल्या तक्त्यांवरून घेतली जात असल्याने पट फुगवून दाखवणे शक्य होते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी करण्यात आली. पटावरील नोंदी व प्रत्यक्ष उपस्थिती यांतील मोठी तफावत तीत उघड झाली. एकूण संख्येऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवण्याची गरज त्यातून पुढे आली.

रचना

प्रत्येक शाळा ११ अंकी यू-डायस क्रमांकाने ओळखली जाते. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७) व पुढील दोन जिल्ह्याचे असतात. विद्यार्थ्याची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरवरून केली जाते व त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. शाळा बदलल्यास जुनी शाळा ही नोंद नव्या शाळेकडे ऑनलाइन वर्ग करते.

नवी मुंबईतील उदाहरण

नवी मुंबई हे नियोजित शहर दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. नेरूळ, वाशी, ऐरोली हे भाग ठाणे जिल्ह्यात व नवी मुंबई महानगरपालिकेत, तर खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग रायगड जिल्ह्यात व पनवेल महानगरपालिकेत येतात. नेरूळहून खारघरला राहायला गेलेल्या कुटुंबातील मुलाचा जिल्हा व महानगरपालिका दोन्ही बदलतात. राज्यस्तरीय नोंद एकच असल्यास असे मूल दोन्हीकडे मोजले जात नाही किंवा दोन्हीकडून गळत नाही.

उपयोग व मर्यादा

संचमान्यता, म्हणजेच शाळेतील मंजूर शिक्षकपदांची निश्चिती, या नोंदींवर आधारलेली असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी ग्राह्य धरण्याच्या धोरणाला शिक्षक संघटनांनी विरोध केला. नावातील किंवा जन्मतारखेतील फरकामुळे पडताळणी अडल्यास वर्गात नियमित बसणारे मूलही गणनेबाहेर राहते व शाळेचे पद कमी होऊ शकते. बनावट नोंदी रोखणे व खरे विद्यार्थी न वगळणे, या दोन्ही कसोट्यांवर प्रणालीची विश्वासार्हता ठरते.

हेही पहा

यू-डायस
शिक्षण हक्क कायदा
नवी मुंबई महानगरपालिका