मूषकांची रुचिस्मृति

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेगाचें निदान झालें, आणि लवकरच ती साथ आमच्या पुण्यांत शिरली. १८९७ मधील घरझडत्या व २२ जूनचा रँडवरील हल्ला यांचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. उंदराचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाहीं! त्याच्या अंगावरील पिसवा रोग पसरवितात, हें मुंबईस १९०५ पासून झालेल्या संशोधनानें निर्विवाद ठरलें, आणि उंदीर मारणें हें नागरिकांचें कर्तव्य झालें.

परंतु पहिल्या रात्रीं एकदोन उंदीर मरावे आणि मग विषाच्या गोळ्या जशाच्या तशा राहाव्या, हा घरोघरचा अनुभव. "उंदरादेखत विषाचें नांव काढूं नये," असें आमच्या मातोश्री बजावीत, व आम्ही हसत असूं.

खरें कारण पुढें कळलें. ज्या गोड पाण्यासोबत किरणांचा मारा होऊन प्रकृति बिघडली, तें पाणी उंदीर टाळूं लागतात, असें गार्सिया यांनीं १९५५ मध्यें अमेरिकेंत दाखविलें. १९६७ मध्यें रेवुस्की व बेडार्फ यांस आढळलें कीं, परिचित आणि नवें अन्न दोन्ही खाऊन उंदीर आजारी पडला, तर दोष नव्याच्या माथीं बसतो. बालपणापासून ओळखीची चव सहसा संशयास पात्र होत नाहीं. शेतकरी विषापूर्वीं दोनतीन दिवस नुसता भरडा ठेवतात, तो याचसाठीं.

याहून विलक्षण शोध गेलेफ यांचा, १९७१ चा. वडील उंदरांनीं टाळलेलें अन्न पिलेंही टाळतात. त्यांनीं विष कधींच चाखलेलें नसतें. वडील खातात तेंच खाण्याची त्यांस संवय लागते, आणि अन्नाची चव आईच्या दुधांतूनही त्यांस पोंचते.

मनुष्यास उंदराची उपमा देण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, तरीही लोक टोचणीस भीत होते, हें आठवतें. लस नवी, आणि ती आली सोजिरांच्या झडत्यांच्या काळांत! दुःखासोबत आलेल्या नव्या वस्तूवर ठपका बसला, तर नवल काय? अशी धास्ती मुलें न चाखतांच शिकतात. म्हणून औषध देणाऱ्यानें आधीं ओळख द्यावी, औषध मागाहून.