दोन अखेरची पुस्तके

माणसांचे रक्त पिऊन जगणाऱ्या आणि मरण नसलेल्या व्हॅम्पायरांच्या कादंबऱ्यांशी आपला काय संबंध, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांच्या ‘व्हॅम्पायर क्रॉनिकल्स’ या तेरा पुस्तकांच्या मालेचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या मालेचा शेवट दोनदा झाला, आणि दोन्ही पुस्तकांची नावे उपासनेच्या भाषेतून आलेली आहेत. २००३ साली निघाले ते ‘ब्लड कॅन्टिकल’, म्हणजे रक्ताचे स्तोत्रगीत. २०१८ साली निघाले ते ‘ब्लड कम्युनियन’. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याला आपण जो शब्द वापरतो, तोच हा शब्द. या दोहोंमधील पंधरा वर्षांत एका श्रद्धाळू मनाची मोठी ओढाताण सामावलेली आहे.

राइस यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९४१ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात, आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्या जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या असताना मद्याच्या व्यसनाने जर्जर झालेली त्यांची आई वारली. महाविद्यालयात गेल्यावर त्यांची श्रद्धा सुटली. कवी स्टॅन राइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेही नास्तिक होते. १९७२ साली त्यांची मिशेल ही पाच वर्षांची कन्या रक्ताच्या कर्करोगाने दगावली. पुढच्याच वर्षी त्या मातेने ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ ही कादंबरी लिहिली. ती १९७६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात क्लॉडिया नावाची एक बालिका आहे. व्हॅम्पायरच्या रक्ताने ती अमर होते, पण तिचा देह कधीच वाढत नाही. प्रौढ झालेले मन बालदेहात कोंडून राहते आणि अखेर तिचा नाश होतो. पुनरुत्थानाची आशा गमावलेल्या आईने आपल्या मुलीसाठी कल्पिलेले हे अमरत्व आम्हांस दिसते, आणि त्यात सांत्वन नाही, हे तिला स्वतःलाही कळलेले आहे.

पुढील पुस्तकांत लेस्टाट हा उद्धट, देखणा व्हॅम्पायर नायक झाला. १९९५ सालच्या ‘मेम्नॉक द डेव्हिल’मध्ये तो स्वर्ग-नरक पाहून वेरोनिकेचे वस्त्र घेऊन परततो. त्या कादंबरीतील काही प्रसंग भाविक वाचकाला दुखावतात, हे नाकारता येणार नाही. तरीही हा देवाशी चाललेला वादच होता. १९९८ साली राइस ख्रिस्तसभेत परतल्या. २००२ साली पती निवर्तले. २००३ सालच्या ‘ब्लड कॅन्टिकल’च्या आरंभीच लेस्टाट संत होण्याची इच्छा बोलून दाखवतो. तेथे माला संपली, असे लेखिकेने ठरवले. यापुढे केवळ प्रभूसाठी लिहायचे, असा निश्चय करून त्यांनी येशूच्या जीवनावर २००५ आणि २००८ साली दोन कादंबऱ्या लिहिल्या.

हा शेवट टिकला नाही. ख्रिस्तावरील निष्ठा कायम ठेवून आपण ख्रिस्ती धर्मसंस्थेतून बाहेर पडत आहोत, असे त्यांनी २०१० साली जाहीर केले. समलिंगी व्यक्ती आणि स्त्रिया यांच्याविषयीच्या भूमिका त्यांना पटत नव्हत्या. २०१४ साली लेस्टाट पुन्हा अवतरला.

खरोखरीचे अखेरचे पुस्तक ठरले ते ‘ब्लड कम्युनियन’. पूर्वी सर्व व्हॅम्पायर एकाच आत्म्याशी जखडलेले असत. त्याचा आधार नष्ट झाला की सर्वांचा अंत. बाराव्या पुस्तकात हे बंधन तुटते. तेराव्यात ते फ्रान्समधील लेस्टाटच्या पूर्वजांच्या गढीत एकत्र राहतात, ते केवळ एकमेकांच्या ओढीने. त्याची आई आणि सोबती शत्रूच्या हातून मारले गेले, असे त्याला वाटते. पुढे ते जिवंत सापडतात. ज्या मालेच्या मुळाशी न परतणारे मूल होते, तिच्या शेवटी मेलेली समजलेली माणसे परत मिळतात. संस्था सोडलेल्या लेखिकेला सहभागितेची भूक सुटली नव्हती, असेच आम्ही यातून वाचतो. ११ डिसेंबर २०२१ रोजी, वयाच्या ८०व्या वर्षी, त्या निधन पावल्या.

ही पुस्तके धर्मशिक्षणाची नव्हेत, आणि लहान मुलांच्या हाती द्यावीत अशीही नव्हेत. परंतु घरातील तरुण मुलगा वा मुलगी ती वाचताना दिसली, तर पुस्तक हिसकावून न घेता त्यात काय आवडले हे विचारावे, असे आम्ही सुचवू. आणखी एक प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. आपल्या धर्मग्रामात मिस्सेला येणे सोडलेले एखादे तरुण जोडपे असते. त्यांच्या घरातून लहानगी शवपेटी निघते, तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्या घराचा उंबरठा ओलांडतात?