पडीक नव्हे, माळरान

माळरानाकडे आपण अजूनही शेतसाऱ्याच्या नजरेने पाहतो. नांगर फिरला तर जमीन, नाही तर पडीक! इंग्रजी अमदानीत महसुलाच्या दप्तरांत हा भेद पक्का झाला. सागवान देणारे जंगल सरकारने राखले, गवताळ रान मात्र ओसाडीत जमा झाले. काळविटाचे घर नेमके हेच. शत्रू दुरून दिसावा आणि धावायला मोकळे रान असावे, एवढेच त्याचे मागणे.

या प्राण्याचा इतिहास दरबारांतूनही जातो. मोगल बादशहा पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत. त्यांच्यातल्याच जहांगीराला मनसराज नावाच्या एका काळविटाचा लळा लागला. ते मेल्यावर, १६०७ च्या सुमारास, त्याने शेखूपुरा येथे त्याच्या कबरीपाशी मिनार उभारला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्या रानात त्याने शिकारबंदी केली आणि शपथ घातली, की इथल्या हरणाचे मांस हिंदूला गाईच्या आणि मुसलमानाला डुकराच्या मांसासारखे निषिद्ध असावे. एका मुक्या जनावरासाठी दोन्ही धर्मांची आण! मला ही हकिगत फार मोलाची वाटते. पण बादशहाची माया एका रानापुरती होती. चित्त्यांच्या शिकारीचा शौक आपल्या कोल्हापूर संस्थानातही विसाव्या शतकापर्यंत चालला. पुढे १९५२ मध्ये चित्ताच देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

काळविटाला देशभर कायद्याचे छत्र मिळाले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झाले. तेव्हा हा जिल्हा अहमदनगर होता, २०२४ पासून तो अहिल्यानगर. क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ५३६ एकर. काटेरी झाडे, झुडपे आणि मधूनमधून गवत. अशा जागी हौसेने दाट झाडे लावणे हे पुण्य नव्हे. त्याने काळविटाचे घरच मोडते.

एवढ्याशा जागेत कळप मावणार कसा? हद्दीचा दगड हरणाला वाचता येत नाही. ते शेजारच्या ज्वारीत उतरते आणि अवर्षणी मुलखातल्या शेतकऱ्याचा घास जातो. पीकनुकसानीची भरपाई देण्याची सरकारी तरतूद आहे. ती पुरेशी आणि वेळेवर मिळावी, हे मला अभयारण्य राखण्याचेच काम वाटते. कारण हद्दीबाहेर काळविटाला अभय द्यायचे की नाही, हे शेवटी तो शेतकरीच ठरवतो.