सुतार मॅक्निश आणि करारनाम्याचा अर्थ

अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९१४-१७ च्या अंटार्क्टिक मोहिमेतील सुतार हॅरी मॅक्निश हा फटकळ स्वभावामुळे सहकाऱ्यांस फारसा प्रिय नव्हता. बर्फात चिरडलेले ‘एन्ड्युअरन्स’ जहाज २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले. पुढे बर्फावरून होड्या ओढीत असता, डिसेंबरअखेर, त्याने आज्ञा मानण्याचे नाकारले. जहाजच उरले नाही, तेव्हा करारही संपला, असा त्याचा युक्तिवाद होता. खलाशांच्या जुन्या रूढीकडे पाहता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु या करारनाम्यात होडीतील व किनाऱ्यावरील कामाचेही बंधन होते. शॅकल्टन यांनी तो सर्वांसमक्ष वाचून दाखविला. वाद शब्दापुरता मिटला. मनातील अढी मात्र गेली नाही.

वस्तुतः ‘जेम्स केर्ड’ या होडीच्या बाजू उंचावल्या त्या मॅक्निशनेच. एलिफन्ट बेटावर त्याने तीवर कॅनव्हासचे आच्छादन घातले, सांध्यांत दिव्याच्या वाती व सीलचे रक्त भरले. सुमारे ८०० सागरी मैलांचा खवळलेला समुद्र ओलांडून सहा जण १० मे १९१६ रोजी दक्षिण जॉर्जियास लागले. त्यांत तोही होता. मागे राहिलेल्या बावीस जणांची सुटका त्यामुळेच शक्य झाली. तथापि ज्या चौघांस ध्रुवपदक नाकारण्यात आले, त्यांत मॅक्निश एक होता. १९३० साली वेलिंग्टन येथे तो निवर्तला. मोहिमेचे डॉक्टर मॅक्लिन यांस हा निर्णय पुढेही अन्यायाचाच वाटत असे.