शिळेचें पान आणि खिळ्यांचें पान

गिरगांवांतील आमच्या बिऱ्हाडाच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचें एक पंचांग सांपडलें. त्याच्या समासांत आजोबांनीं आमच्या वडिलांच्या जन्माची घटका स्वहस्तें टिपली होती. पानांचे फोटो काढून आम्हीं आप्तांस धाडले, आणि फार जागा अडवितात म्हणून मूळ फोटो पुसून आकसलेले तेवढे ठेविले. पुढें पावसाळ्यांत पंचांगाचा लगदा झाला. आतां ती घटका १ कीं ९, हें त्या चित्रांत उमगत नाहीं. एका पानाच्या चित्रास इतकी जागा कां लागते, याचा विचार आम्हीं आधीं करावयास हवा होता. त्याचें उत्तर मुंबईच्या मुद्रणेतिहासांतच आहे.

गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत मराठी पंचांग छापलें तें शिळाछापावर. तेलकट शाईनें लिहिलेलें सबंध पान दगडावर उतरावयाचें, ही ती रीत. दगडास 'क' ठाऊक नसतो; अक्षर, डाग, लिहिणाऱ्याच्या हाताचा कंप, सारें त्यास सारखेंच. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. त्याची कीर्ति झाली ती सुबक ओतीव खिळ्यांमुळें. खिळ्यांच्या छपाईंत 'क' एकदां ओतला कीं हव्या त्या पानावर बसवितां येतो. पान म्हणजे कोणता खिळा कोठें, एवढाच हिशेब.

संगणकांतही हेच दोन मार्ग आहेत. मजकूर म्हणून लिहिलेलें प्रत्येक देवनागरी चिन्ह युनिकोडच्या सर्वत्र रूढ अशा पद्धतींत ३ बाइट घेतें. २,००० चिन्हांचें पान सुमारें ६,००० बाइटांत मावतें. तेंच ५ इंच रुंद व ८ इंच उंच पान इंचास ३०० बिंदु या प्रमाणानें चित्र म्हणून टिपलें, तर ३६ लक्ष बिंदु होतात. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशास एकेक बाइट धरल्यास बेरीज १ कोटि ८ लक्ष, म्हणजे १,८०० पट! कोरा समासही मोजूनच ठेवावा लागतो.

चित्र आकसविण्याची विद्याही आहे. नासिर अहमद, नटराजन व राव यांनीं १९७४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या गणितावर १९९२ ची 'जेपेग' पद्धति उभी आहे. डोळ्यास सहसा न जाणवणारे सूक्ष्म भेद ती गाळते. फोटो धाडतांना पुष्कळदां बिंदूंची संख्याही घटविली जाते. चेहऱ्याच्या चित्रांत हें खपून जातें. परंतु १ आणि ९ यांतील भेद एका बारीक वळणाचाच असतो, आणि एकदां गाळलेलें परत येत नाहीं.

पंचांगाचा छापील भाग खिळ्यांचा होता. तो दुसऱ्या एखाद्या प्रतींतून मिळेलही. आजोबांचें अक्षर मात्र कोणत्याच खिळ्यांत नव्हतें. जुने कागद जपणाऱ्यांनीं वांटावयास लहान प्रत खुशाल करावी, पण मूळ चित्रास हात लावूं नये. काय महत्त्वाचें हें शिळेस कळत नाहीं, म्हणूनच ती सर्व कांहीं राखते. आम्हांस कळतें असें आम्ही समजत होतों.