युद्धकाळ, खाणकामगार स्त्री आणि समान वेतन

युद्ध पेटले की शांततेच्या काळात केलेले कायदे सैल होऊ लागतात आणि त्याची पहिली झळ बहुधा श्रमिकांना, त्यातही स्त्रियांना लागते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील कोळशाच्या खाणींत हेच घडले. परंतु त्याच प्रसंगी स्त्री-पुरुषांच्या समान वेतनाचे तत्त्वही सरकारदरबारी उच्चारले गेले. या प्रकरणाशी आपल्या माळव्याचाही संबंध आहे. त्या वेळचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ साली, आपल्या अन्नपूर्णा परिसरापासून फारशा दूर नसलेल्या महूच्या छावणीत झाला होता.

खाणीत भूगर्भातील कामावर स्त्रियांना ठेवू नये, असे नियम १९२९ साली झाले. कोळसा-खाणींना ही बंदी टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली आणि ऑक्टोबर १९३७ पासून ती पूर्ण झाली. याच विषयावरील १९३५ चा आंतरराष्ट्रीय करारही हिंदुस्थानने १९३८ साली मान्य केला.

पुढे युद्ध आले. आगगाड्या, शस्त्रांचे कारखाने, कापडगिरण्या या साऱ्यांना कोळसा हवा होता. मजूर मात्र अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांकडे जाऊ लागले. उत्पादन घसरले, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने बंगाल, बिहार, मध्य प्रांत आदी भागांत ही बंदी उठविली. मध्य प्रांत म्हणजे छिंदवाड्याचे पेंच खोरे आणि चांद्याकडील खाणी. अर्थात मराठी मुलखाचे अंगणच.

या निर्णयावर अखिल भारतीय महिला परिषदेने कडक टीका केली. मध्यवर्ती विधिमंडळात रेणुका राय यांनीही विरोध मांडला. विरोधकांचा मुद्दा बिनतोड होता. पुरुष मजूर खाणीत टिकत नसतील, तर त्यांची मजुरी वाढवावी. स्त्रियांना अंधारात उतरवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी बाबासाहेबांनी उत्तर दिले. ही सवलत केवळ निकडीपुरती आहे, असे सांगून त्यांनी निदर्शनास आणले की, स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन देण्याची अट घातली आहे आणि लिंगभेद न मानता समान कामास समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे.

हा केवळ बचावाचा युक्तिवाद होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाचा हिरिरीने पुरस्कार केला होता. खाणकामगार स्त्रियांसाठी असलेल्या १९४१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातही त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ आणि १९४५ साली, दुरुस्त्या झाल्या. तरीही विरोधकांचे म्हणणे खोटे ठरत नाही. समता आली ती स्त्रीचा हक्क म्हणून नव्हे, कोळशाची गरज म्हणून. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली, तेव्हा शरीराचे रक्षण झाले खरे. पण भूगर्भातील त्या कामाबरोबर तेथील बरोबरीचा दामही गेला. संरक्षण आणि समता यांतील हा पेच तेव्हा सुटला नाही.

तत्त्व मात्र मागे उरले. भारतीय राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदाने समान वेतन आणि ४२ व्या अनुच्छेदाने प्रसूतिसाहाय्य ही राज्याच्या धोरणाची दिशा ठरविली. समान वेतनाचा स्वतंत्र कायदा होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. १९५२ च्या खाण कायद्याने भूगर्भातील बंदी कायम ठेवली होती. २०१९ मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी, स्त्रीच्या लेखी संमतीच्या अटीवर, ती शिथिल झाली.

१९४३ साली खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला तिची संमती कायद्याने विचारली नव्हती. २०१९ साली ती विचारली गेली. या दोन सालांमधील खरे अंतर वर्षांत नव्हे, या एका प्रश्नात मोजावे लागेल. निकडीने दिलेला हक्क निकड सरताच परत घेतला जातो. तो टिकतो, ज्याचा हक्क त्याला विचारून कायदा केला तरच.