एका फटक्याचा हिशेब

आमच्या बोरगाव मेघेत गोल्फ म्हणजे काय, असं कुणाला विचारलंत तर 'श्रीमंतांचा गिल्ली-दंडा' असं उत्तर मिळण्याची शक्यता फार! वर्ध्याला खेटून असलेलं आमचं गाव. क्रिकेट खेळायला एखादा रिकामा प्लॉट पुरतो, कबड्डीला तेवढाही लागत नाही. गोल्फला मात्र शंभर-दीडशे एकर हिरवळ पाहिजे. आणि वैदर्भीय उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची म्हणजे पाणी पाहिजे. तेव्हा विषय तिथेच संपतो.

मग हा लेख कशाला? तर गेले काही वीकेंड मी अनिर्बान लाहिरीच्या करियरचा माग काढत बसलोय. नाव बंगाली, पण जन्म पुण्याचा, २९ जून १९८७ चा. वडील सैन्यात डॉक्टर. आता 'पुण्यात जन्मला म्हणजे आपलाच' असली ओढाताण मला करायची नाही. मला कुतूहल वेगळंच आहे. हौशी खेळाडू व्यावसायिक होतो म्हणजे नेमकं काय होतं? आपण कॉलेजमधून नोकरीत जातो, तेव्हा निदान ऑफर लेटर तरी हातात असतं. इथे ते कोण देतं?

आधी थोडा इतिहास. इंग्रजांनी १८२९ मध्ये कलकत्त्यात गोल्फ क्लब काढला, १८४२ मध्ये मुंबईत. म्हणजे अमेरिकेला या खेळाचं वेड लागण्याच्या कितीतरी आधी तो आपल्याकडे होता. पण होता तो साहेबांचा आणि नंतर क्लबच्या मेंबरांचा. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन जिंकला. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी जिंकले. पहिला भारतीय विजेता! गंमत म्हणजे सेठी हौशी खेळाडू होते, आणि तेव्हा हौशी खेळाडूला बक्षिसाची रोख रक्कम घेता येत नसे. जिंकलात? अभिनंदन. चेक दुसऱ्याला.

त्यानंतर भारतीय विजेता मिळायला थेट १९९१ उजाडलं. तो होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा वाहत, खेळ शिकलेला. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला. सेठी आणि अली शेर ही दोन नावं शेजारी ठेवा, म्हणजे भारतीय गोल्फचे दोन दरवाजे दिसतील. एक मेंबरांचा, दुसरा नोकरांचा. एस. एस. पी. चौरासिया दुसऱ्या दरवाजाने आला. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळीची निगा राखायचे. लाहिरी मात्र या दोन्हींच्या मधल्या तिसऱ्या दारातून आला, ते म्हणजे सैन्य. आपल्या बऱ्याच कॅन्टोन्मेंटमध्ये गोल्फ कोर्स असतात. आठेक वर्षांचा असताना वडिलांबरोबर तो खेळायला लागला. अधिकाऱ्याच्या पोराला जे मैदान सायकलच्या अंतरावर मिळालं, ते बाहेरच्या पोराला विकत घेणं केवळ अशक्य.

२००६ मध्ये दोहाच्या एशियन गेम्समध्ये भारताच्या संघाला रौप्यपदक मिळालं. लाहिरी त्या संघात होता, वय १९. त्याच वर्षी पीजीटीआय, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फची टूर, उभी राहिली. आणि २००७ मध्ये तो प्रोफेशनल झाला.

आता ही 'टूर' काय भानगड आहे ते बघू. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल :) ) टूर म्हणजे वर्षभर गावोगावी चालणारी स्पर्धांची मालिका. खेळायला 'कार्ड' लागतं, आणि ते पात्रता स्पर्धेतून किंवा कमाईच्या क्रमवारीतून मिळतं. दर आठवड्याला दीडशेच्या आसपास खेळाडू गुरुवारी सुरू करतात. शुक्रवारी संध्याकाळी 'कट' लागतो आणि वरचे साधारण ६५-७० जण शनिवार-रविवार खेळतात. बाकीचे घरी. कट चुकला की त्या आठवड्याची कमाई शून्य, पण विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीचे पैसे हे खर्च ठरलेले. थोडक्यात, दर शुक्रवारी अप्रेझल! आणि रेटिंग खाली गेलं तर पगार नाहीच, वर ऑफिसला येण्याचा खर्चही तुमचा. आपल्यापैकी किती जण टिकतील?

लाहिरी टिकला. २००९ मध्ये तो पीजीटीआयच्या क्रमवारीत पहिला आला. २०११ मध्ये दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकून एशियन टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. २०१२ आणि २०१३ मध्ये सेल-एसबीआय ओपन, तीही दिल्लीतच. तिन्ही विजय प्लेऑफमध्ये, म्हणजे चार दिवसांनी बरोबरी झाल्यावर जादा होल खेळून. तिन्ही एकाच कोर्सवर. यातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्याही ओळखीचा आहे. पोरगा घरच्या अंगणात वाघ आहे, पण बाहेर?

मधल्या काळात, २०१२ मध्ये, तो पहिल्यांदा ब्रिटिश ओपन खेळला आणि तिथे तिसऱ्या दिवशी चक्क होल-इन-वन मारला. पण त्याने काही ट्रॉफी मिळत नाही. बाहेरचा पहिला विजय आला २०१४ मध्ये जाकार्तात. शेवटच्या होलवर ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी, आणि एका फटक्याने इंडोनेशियन मास्टर्स खिशात. त्याच वर्षी मकाऊ.

मग आलं २०१५. फेब्रुवारीत मलेशियन ओपन. तिसऱ्या दिवशी ६२, चौथ्या दिवशी ६८, आणि ऑस्ट्रियाच्या बर्न्ड वीसबर्गरला एका फटक्याने मागे टाकून युरोपियन टूरवरचं पहिलं विजेतेपद. दोनच आठवड्यांनी दिल्लीत इंडियन ओपन. शेवटच्या दिवशी सकाळी तो चौरासियाच्या सात फटके मागे होता. संध्याकाळी प्लेऑफमध्ये जिंकला. टाळ्या वाजवताना मला मात्र चौरासियाची आठवण येत राहते. मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा तीन दिवस पुढे होता आणि चौथ्या दिवशी हरला. (पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने तीच स्पर्धा जिंकली. बरं वाटलं.)

त्याच ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये लाहिरी संयुक्त पाचवा आला. मेजर स्पर्धेत एवढ्या वर तोवर कुणी भारतीय पोचला नव्हता. ऑक्टोबरमध्ये प्रेसिडेंट्स कप, कोरियात. त्यात खेळणारा तो पहिला भारतीय. रविवारी शेवटच्या होलवर अमेरिकेच्या ख्रिस कर्कने पंधराएक फुटांचा पट घातला. लाहिरीसमोर होता जेमतेम चार फुटांचा. चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर राहिला. संघ १५½-१४½ असा हरला. म्हणजे एका गुणाने, आणि जगाने तो गुण लाहिरीच्या नावावर लिहिला.

यानंतर अमेरिकेतली वर्षं. पीजीए टूरचं कार्ड मिळालं, पण विजय काही मिळेना. २०२२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात प्लेयर्स चॅम्पियनशिप होती. तेव्हा जागतिक क्रमवारीत तो तीनशेच्या पलीकडे घसरलेला. पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. तीन फेऱ्यांनंतर हाच पठ्ठ्या एका फटक्याने पुढे! शेवटी कॅमेरून स्मिथचे फटके झाले २७५, लाहिरीचे २७६. स्मिथला ३६ लाख डॉलर, लाहिरीला २१ लाख ८० हजार. चार दिवसांतला एक फटका, किंमत चौदा लाख वीस हजार डॉलर. त्याच वर्षी तो एलआयव्ही गोल्फ या सौदी पैशावरच्या नव्या लीगमध्ये गेला. २०२४ मध्ये स्पेनमधल्या वाल्देरामात तिथलीही एक स्पर्धा प्लेऑफमध्ये हातून गेली. समोर होता सर्जिओ गार्सिया.

आता माझं मत. आपण अशा करियरकडे पायऱ्यांसारखं बघतो. हौशी, मग प्रो, मग विजेता, जणू एकेक व्हर्जन रिलीज होतंय. पण लाहिरीचे आकडे समोर ठेवले की दिसतं, जाकार्तातला एक फटका आणि प्लेयर्समधला एक फटका यांत कौशल्याचा फरक जवळपास नाही. फरक आहे तो असे किती फटके खेळायची संधी मिळाली याचा. तो जिंकला कारण तो वर्षानुवर्षं शेवटच्या होलपर्यंत जिवंत राहिला. तो विपश्यना करतो हे तुम्ही वाचलं असेलच. चार फुटांचा पट चुकल्यावर पुढच्या गुरुवारी पुन्हा उभं राहायला काहीतरी लागतंच.

पण संधी येते कुठून, हा खरा मुद्दा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारताचे दोन पुरुष गोल्फर होते. एक लाहिरी, दुसरा उदयन माने, पुण्याकडून खेळणारा. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतली म्हणून मानेला जागा मिळाली. कुणीतरी बाजूला झाल्यावर उघडलेलं दार! तो ५६ वा आला, लाहिरी संयुक्त ४२ वा. कुणी म्हणेल, काय मोठंसं? मी म्हणतो, साठ जणांच्या त्या यादीत असणं हेच मोठं.

मेंबर, सैन्य आणि कॅडी. सेठींपासून लाहिरीपर्यंत दरवाजे हेच. चौथा दरवाजा, म्हणजे तिकीट काढून आत जाता येईल असं सार्वजनिक मैदान, आपल्याकडे अगदी मोजक्या ठिकाणी आहे. त्यामुळे बोरगाव मेघेतल्या एखाद्या पोरीच्या हातात तो फटका असेलही, पण तिला तो कधी कळणारच नाही. लाहिरीचा एक फटका चुकला त्याची किंमत डॉलरमध्ये सांगता येते. या न मारलेल्या फटक्यांची कशी काढायची?

असो. तुमच्या गावाजवळ असं मैदान असेल तर पुढच्या शनिवारी एकदा चक्कर मारून बघा. आणि बॅग उचलणाऱ्या पोराला विचारा, तुझा स्कोर किती येतो रे?